फिरतं झाकण

मिरजेत आता पाळण्यावर कापडी चिमण्यांच्या चिमणाळ्याच्या जोडीला नजरयंत्रही टांगत. शर्टाच्या बटणाएवढी ती काच, बाळ कुठे आणि किती वेळ बघतं याची नोंद ठेवायची. सहा महिने भरले की दवाखान्यात त्याचा नजरनकाशा निघायचा, म्हणजे बाळाच्या बघण्याचा आलेख. बहुतेक बाळं माणसांच्या डोळ्यांकडे ओढली जातात. ज्यांची नजर चेहरा सोडून कडांवर, उजेडावर, फिरत्या वस्तूंवर रेंगाळते, त्यांची स्वमग्नता अशी बोलायच्या वयाआधीच कळे.

आपल्या धाकट्याचं काय ते ओळखायला केतकी मगदूमला नकाशाची गरजच नव्हती. तिची थोरली, जुई, नऊ वर्षांची. ती यंत्र यायच्या आधी जन्मलेली, त्यामुळे निदानाला चार वर्षं लागली. तोवर हट्टी, बहिरी, लाडावलेली, लोकांचं सगळं म्हणून झालं होतं. जुईला कुणी डोळ्यांत बघितलेलं सोसत नसे. फरशीवर डब्याचं झाकण उभं धरून गरगर फिरवायचं आणि ते खणखणत आडवं पडेपर्यंत बघत राहायचं, एवढंच तिला आवडे. धाकटा निहार पालथा पडू लागला तसा तोही ते बघू लागला. मग जुई झाकण मुद्दाम त्याच्यासमोर नेऊन फिरवायला लागली. तिने आपणहून कुणासाठी काही करावं, हे घरात पहिल्यांदाच घडत होतं.

डॉ. तहसीन मुजावर यांनी निहारचा नकाशा पडद्यावर लावला आणि वळणउपचार समजावून सांगितला. या वयात मेंदूतल्या वाटा पक्क्या झालेल्या नसतात. बाळाने चेहऱ्याकडे बघितलं की डोक्यावरच्या मऊ टोपीतून मेंदूच्या सुखाच्या केंद्राला हलकी चालना मिळते. रोज चालून रानात पायवाट मळते, तशी नजरेची वाट मळते. चौदाव्या महिन्यानंतर मात्र काही उपयोग होत नाही.

"दुखतं का?" केतकीने विचारलं.

"नाही. त्याला चेहरे आवडायला लागतात."

"आणि आत्ता जे आवडतं ते?"

"ते बहुधा मागे पडतं," डॉक्टर म्हणाल्या. "घाई करू नका, केतकीताई. निहारला कसला त्रास नाहीये. तो वेगळा आहे, एवढंच."

"वेगळी एक आहे आमच्या घरात, डॉक्टर. आम्ही गेल्यावर तिला कोण?"

त्या एका काळजीपोटी तिने सही केली.

उपचाराचा गुण आला. दोन महिन्यांत निहार येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांत बघून खुदखुदू लागला. घर हरखून गेलं. केतकी तर त्याला छातीशी धरून रडली.

एका दुपारी जुईने नेहमीसारखं झाकण फिरवलं. निहार झाकणाकडे न बघता तिच्या तोंडाकडे बघून हसला. ती दचकली. मग, एरवी कुणाला हात न लावणाऱ्या त्या पोरीने दोन बोटांनी त्याची हनुवटी धरून तोंड हळूच झाकणाकडे वळवलं. तो परत तिच्याकडे वळला. तिने पुन्हा वळवलं. तेवढ्यात झाकण आडवं पडलं. जुईने ते उचललं आणि भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात बसली. निहार रांगत तिच्यामागे गेला, तिच्या डोळ्यांत बघायला. जुईने दोन्ही तळव्यांनी डोळे झाकून घेतले.

केतकी स्वयंपाकघराच्या दारातून हे बघत होती. जुईला पुढे कुणीतरी असावं म्हणून तिने सही केली होती, आणि जुईला होतं ते एकुलतं एक माणूस त्या सहीने गेलं होतं.

तिने जाऊन निहारला उचललं. तो लगेच तिच्या डोळ्यांत बघून हसला. केतकीला त्याच्याकडे बघवेना.