पाकळी आणि तीन किलोमीटर

"आक्का, संध्याकाळी माझी पाकळी मष्णूच्या पिंजऱ्यात जाणार. ते बी जन्मभरासाठी!"

अनगोळचा वायरमन भरमू टिळकवाडीतल्या उपासनाच्या ऑफिसात शिरला तो असं म्हणतच. पाकळी ही त्याची शर्यतीची कबुतरी. पिरनवाडीच्या मष्णूशी पैज होती : हरणाऱ्याचं पाखरू जिंकणाऱ्याला. अशी पाखरं सोडली की जुन्या घरीच परततात. म्हणून जिंकणारा त्यांना कधी सोडतच नाही.

उपासना खासगी तपास करायची. मदतनीस विक्रम अंदाज करायचा.

काल सकाळी सातला निपाणीत दोन्ही पाखरं एकदम सुटली. पाकळी अनगोळला पोचली. दोन मिनिटांनी मष्णूचा नर पिरनवाडीला. पण पिरनवाडी लांब, म्हणून निकाल वेगावर. क्लबचे सेक्रेटरी मारुतीराव यांनी संगणकावरच्या नकाशात मोजलं : पिरनवाडी तीन किलोमीटर जास्त. पाखरं उडाली मिनिटाला किलोमीटरभर; म्हणजे तीन मिनिटांची जादा वाट नरानं दोनच मिनिटांत कापली. मष्णू जिंकला.

भरमूनं नकाशाची प्रत टेबलावर पसरली. निपाणीहून दोन निळ्या रेघा निघालेल्या, प्रत्येकीवर तीन टिंबं.

"मष्णूनं नकाशावर घर लांब सरकवलं," विक्रम म्हणाला. "झाली केस."

"चप्पल घाल. बघून येऊ."

पिरनवाडीत मष्णूनं त्यांना थेट गच्चीवर नेलं. "मोजा की! न्हाय कोण म्हणतंय?"

उपासनानं मोबाइलवर पाहिलं. रेघेचं शेवटचं टिंब बरोबर खुराड्यावर होतं.

"आणि वेळ?"

"क्लबचा माणूस घड्याळ घेऊन इथंच बसलता. त्याला भजी बी मीच चारली."

मारुतीरावांना घरी गाठलं, तर ते मात्र खवळले. "बत्तीस वर्षं निपाणी गाडीवर कंडक्टर होतो मी. अंतर मला शिकवतीस व्हय? दोन्ही रेघा मी स्वतः वढल्यात!"

"तेवढंच हवं होतं, आप्पा," उपासना म्हणाली.

ऊन कलायच्या आत सगळे अनगोळला क्लबात जमले. मष्णूनं नर टोपलीतून मिरवायला आणला होता.

"घर खरं, घड्याळ खरं," उपासना म्हणाली. "खोटं कुणीच बोललं नाही. पण अंतर दोन जागांमधलं, तर टिंबं तीन कशी? आप्पा, मधलं टिंब कशाचं?"

"बेळगाव बसस्थानकाचं! तिथं उतरल्याबिगर पिरनवाडीची गाडी कुठं मिळती?"

भरमूच आधी हसला.

"पाखराला गाडी बदलावी लागत नाही, आप्पा," उपासना म्हणाली. "अनगोळच्या वाटेवर स्थानक जवळपास सरळच येतं, म्हणून तिथं फार बिघडलं नाही. पिरनवाडी पडते एका बाजूला; तिची रेघ वाकली आणि वाढली. सरळ मोजलं तर फरक पावणेदोन किलोमीटर. आणि नर आला दोन मिनिटं उशिरा."

मारुतीरावांनी स्वतः सरळ रेघ ओढली, चष्मा पुसला, आणि पुन्हा ओढली. "पाकळी जिंकली," ते पुटपुटले.

मष्णूनं मान खाली घालून टोपली भरमूपुढं सरकवली. भरमूनं दोरी सोडली, झाकण उघडलं. नर भर्रकन वर गेला.

"आरं! तुझं पाखरू की रं ते आता!"

"जाऊ दे रं, मष्ण्या. त्याचं घर त्याला लई जवळ."

चार मिनिटांत मष्णूच्या बायकोचा फोन आला. नर खुराड्यात दाणे टिपत होता.

मारुतीराव घड्याळाकडं बघत म्हणाले, "स्टँडला न जाता गेलंय."