मिस्त्रीच्या मुठीतला झाडू

“मृत्यूपुढे राजा आणि रंक सारखेच,” भाचा धीरगंभीर आवाजात म्हणाला आणि मिस्त्रीच्या पायाला अडखळून प्रेतावरच पालथा पडला.

“ऊठ रे, त्याला आधीच पुरे झालंय,” आत्या म्हणाली.

आत्या खासगी तपास करायची. भाचा तिची पिशवी धरायचा. डोक्याचं ओझं तिनं त्याच्यावर कधी टाकलं नव्हतं. दुपारी ताटावरच असताना कागद कारखान्यातल्या भट्टीवाल्याची बायको रडत आली होती. “मोठ्या मिस्त्रीचा खून झालाय आणि फौजदारानं माझ्या नवऱ्याला धरलंय. फासावर जाईल हो तो!”

बॉयलर विझवला होता, तरी खोली भाजून काढत होती. मिस्त्रीची मान अर्धी चिरली होती, जखमेच्या कडा शिजून पांढऱ्या पडल्या होत्या. समोरच्या भिंतीवर रक्ताचा सडा. सुपरहीटरमधून निघणाऱ्या पाइपला मानेच्या उंचीवर सुईएवढं भोक होतं. मिस्त्रीच्या मुठीत झाडू, त्याचं टोक कातरल्यासारखं उडालेलं. भाच्याला जेवल्याचा पश्चात्ताप झाला.

भट्टीवाला नुसत्या बंडीत उभा होता, हात पाठीमागे बेड्यांत. उघड्या हातांवर कोळशाखेरीज काही नव्हतं.

“पाइपातून शिट्टी येत होती,” तो म्हणाला. “‘ही नळी कुठल्या भंगारातून उचलली,’ म्हणत मिस्त्री सकाळपासून शिव्या घालत होते. मग झाडू घेऊन भोक शोधायला गेले. मी पलीकडे कोळसा ओढत होतो.”

“झाडू कशाला?” भाच्यानं विचारलं.

“रीतच आहे. झाडू पुढे धरून चालायचं. टोक उडालं की समजायचं, भोक इथे.”

“का? डोळे नाहीत तुम्हाला?”

भट्टीवाल्यानं त्याच्याकडे दयेनं पाहिलं.

मॅनेजर बाह्या कोपराच्या वर सारून फायलीनं वारा घेत होता. “मिस्त्री म्हणाला, बॉयलर बंद करा. मी म्हणालो, आधी माल निघू दे, मग मर.” तो थबकला. “म्हणजे... बोलायची पद्धत.”

उरला मिस्त्रीचा धाकटा भाऊ. भांडार तोच सांभाळायचा. नळ्या, पाइप त्याच्याच हातून यायचे. त्या उकाड्यातही त्याच्या बाह्या मनगटापर्यंत बटणं लावून बंद होत्या.

“धक्क्यानं थंडी भरलीय,” तो म्हणाला. “मी दारातून पाहिलं, आत्याबाई. पाइपातून पांढरीशुभ्र वाफ सुटली होती. ह्या राक्षसानं दादाला तिच्यात ढकललं!”

“अगदी भोकापासून पांढरी?”

“भोकापासून! देवाशपथ!”

“मग देवच तुझं बघून घेईल,” आत्या म्हणाली. “फौजदारसाहेब, साधी वाफ ओली असते. सुपरहीटर तिला पुन्हा धगीतल्या नळ्यांतून फिरवतो. ती वाळते, आणखी तापते, पाण्याचा थेंब उरत नाही. थेंबच नाही तर पांढरं काय दिसणार? भोकाशी ती दिसतच नाही. पुढे जाऊन गार झाली की मग तिचा ढग होतो. ह्याचे आतोबा रेल्वेचं इंजिन हाकायचे, त्यांनी कान पिकेपर्यंत ऐकवलंय मला.”

“म्हणून झाडू!” भाचा ओरडला.

“उजाडलं एकदाचं. टोक उडालंय, म्हणजे मिस्त्रीला भोक सापडलं होतं. तो आपणहून त्यात मान घालणार नाही. मागून कुणीतरी दोन्ही हातांनी ढकललं. भट्टीवाल्याला वाफेची ही न दिसणारी धार ठाऊक. त्यानं हात लगेच मागे घेतले असते. ज्याला नुसतं तापल्या पाइपावर ढकलायचं होतं, ज्याला धार दिसली नाही आणि ठाऊकही नव्हती, त्याचे हात पुढेच राहिले. मिस्त्री कोसळला आणि धार त्या हातांवर आली.”

तिनं भांडारवाल्याची दोन्ही मनगटं गच्च आवळली. तो डुकरासारखा किंचाळला. बटणं तुटली. दोन्ही हातांवर एका रेषेत मांस सोललेलं होतं.

“अस्सल नळ्या विकून भंगार बसवलंस. दादाला कळलं, म्हणून दादा गेला.”

“सख्ख्या भावाला तुरुंगात धाडणार होता!” असं म्हणत त्यानं कोळशाचं फावडं उचललं आणि फौजदाराच्या तोंडावर हाणलं. दोन दात उडाले. दुसरा घाव आत्यावर येणार, तोच भट्टीवाल्यानं बेड्यांसकट धाव घेऊन त्याच्या पोटात डोकं घातलं. बरगडी मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. भाचा पडलेल्या खुन्याच्या छातीवर बसला. त्याच्या वजनाचा पहिल्यांदाच उपयोग झाला.

फौजदार रक्त थुंकत खिसे चाचपू लागला. “शुटला तू! किल्ली कुठे ठेवली...”

दारात उभी असलेली बायको हुंदके देत आत धावली आणि नवऱ्याच्या गळ्यात पडली.

“रड नंतर,” भट्टीवाला कळवळून म्हणाला. “आधी माझं नाक खाजव.”