रिकाम्या घरांचा अंक

मिलानच्या त्या वास्तुकलेच्या मासिकात पहिल्या अंकापासून एक शिरस्ता होता: घराच्या फोटोत माणूस नको. खुर्च्या, दिवे, फुलदाण्या हव्या तितक्या. माणूस दिसला की घर वापरलेलं वाटतं. पंचविसाव्या वर्षाच्या अंकासाठी संपादक ओर्नेल्लाने स्वतःचंच घर निवडलं, आणि ऐन वेळी तिची आई एर्सिलिया खिडकीपाशी खुर्चीत ठाण मांडून बसली.

"आई, पाच मिनिटं ऊठ ना."

"माझे गुडघे तुझ्या मासिकाचे नोकर नाहीत. फोटोवाल्याला म्हणावं, असाच काढ."

फोटो तसाच निघाला. मग मासिकातल्या तार्चीझिओने बारीक कुंचल्याने फोटोच्या प्रतीवर करडा रंग चढवून म्हातारीला पुसून टाकलं. पहिल्या अंकापासून हे काम त्याचंच. ओर्नेल्लाला लाज वाटली, पण खुर्ची देखणी दिसत होती.

अंक आला. आईने तो बराच वेळ मांडीवर धरला. "छान. माझ्यावाचून घर मोठं दिसतं," एवढंच म्हणाली. ओर्नेल्लाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी आई रिकाम्या हाताने दुकानातून परतली. पाववाल्याने तिला सोडून मागच्या बाईला विचारलं होतं म्हणे.

"डोळे गेले असतील मेल्याचे," ओर्नेल्ला म्हणाली.

पण त्याच आठवड्यात इमारतीची राखण करणाऱ्या पीनाने तिला जिन्यात हटकलं, "एकट्या जिवाला एवढं घर कशाला हो, बाई?"

आई तेव्हा ओर्नेल्लाचा दंड धरून उभी होती. दंडावरची बोटं सैल झाली.

ओर्नेल्ला तडक तार्चीझिओकडे गेली. "मूळ निगेटिव्ह काढा. आईला परत छापायचंय. माझं चुकलं."

त्याने निगेटिव्ह उजेडासमोर धरली. खिडकी होती. खुर्ची होती. खुर्चीत कुणी नव्हतं.

"निगेटिव्हला मी कधी हात लावत नाही, बाई," तो हळूच म्हणाला. "इतकी माणसं पुसली, पण आजवर कुणी तक्रार घेऊन आलं नाही. मला वाटायचं, लोकांना चालत असेल."

ती धापा टाकत घरी आली. "आई?"

"इथेच आहे गं." आवाज खिडकीकडून आला.

खुर्चीपाशी बसून ओर्नेल्लाने रडत रडत माफी मागितली.

"पुरे आता," आई म्हणाली. "भूक लागलीय. भात टाक."

तिने केशराचा भात चढवला. ढवळत राहिली. हळूहळू रडू ओसरलं.

वाढून घेताना पातेलं अर्धं उरलं. एकटीसाठी एवढा भात का रांधला, ते तिला काही केल्या आठवेना.