तळघरातली मोजणी

दुपारी दोनला ड्यूटी संपली की बाकीच्या सिस्टर घराकडे पळायच्या. ही एकटी मात्र जिना उतरून तळघरात जायची. तिथं रुग्णालयाची एक्स-रे धुवायची जुनी खोली होती. नवी यंत्रं आली, फिल्म धुणं बंद झालं, आणि खोली तशीच पडून राहिली.

तिला फोटोंचं वेड लागलं ते चाळिशी उलटल्यावर. वॉर्डातल्या एका आजींना लेकीला पाठवायला फोटो हवा होता. एक्स-रेवाल्या काकांचा जुना कॅमेरा मागून आणून तिनं फोटो काढला. आजींनी फोटो बराच वेळ हातात धरला. "अजून बरी दिसते की मी," म्हणाल्या, आणि चार दिवसांत पहिल्यांदाच पोटभर जेवल्या. तेव्हापासून सिस्टरला दुसरं काही सुचेना. काकांचा पिच्छा पुरवून ती सगळं शिकली. सुरुवातीला फोटो काळेठिक्कर, नाहीतर पांढरेफटक यायचे. पण तिनं नाद सोडला नाही.

काकांनी निवृत्त होताना खोलीची किल्ली तिच्याकडे दिली.

"फोटोचा कागद धुण्याच्या औषधात असताना मोठ्यानं मोजा, सिस्टर. साठपर्यंत."

"मनात मोजलं तर?"

"मोठ्यानंच मोजा," काका म्हणाले आणि निघून गेले.

एका दुपारी ती अशीच मोजत उभी होती. दार बंद, लाल दिव्याचा मिणमिणता उजेड, औषधाचा आंबूस वास, नळाची टपटप. चाळीसला तिला ठसका लागला.

"एकेचाळीस…" अंधारात कुणीतरी म्हणालं. "बेचाळीस…"

आवाज दमलेला, अगदी कानामागचा. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. पळून जावंसं वाटलं. पण ट्रेमध्ये एका म्हाताऱ्या हमालाचा चेहरा उमटत होता. तो सोडून गेलं तर काळा पडला असता. ती दातावर दात दाबून उभी राहिली. "साठ" ऐकू आलं, तेव्हाच तिनं कागद उचलला.

इतका जिवंत फोटो तिच्या हातून कधीच उतरला नव्हता.

संध्याकाळी तिनं काकांचं घर गाठलं.

"कोण आहे ते, काका?"

"तीस वर्षांत मी विचारलं नाही…" काका हळूच म्हणाले. "आकडा चुकला का?"

"नाही."

"मग झालं तर."

दुसरी कुणी असती तर खोलीला कुलूप ठोकून मोकळी झाली असती. ही दुसऱ्या दिवशी परत गेली. पुढे तर ती मोजायचीच थांबली. आवाज कधी पन्नासलाच थांबे, कधी सत्तरपर्यंत जाई, आणि दर वेळी तेच बरोबर निघे. तिनं काढलेले रुग्णांचे चेहरे रुग्णालयाच्या भिंतीवर लागले. घाईत असलेले मोठे डॉक्टरसुद्धा तिथं थबकून उभे राहू लागले.

परवा तिनं एक रोल धुऊन कागदावर उतरवला. छत्तीस फोटो तिनं काढलेले होते. त्यांच्यामागे सदतिसावा निघाला.

त्यात हीच खोली होती, आणि ट्रेवर वाकलेली ती स्वतः, पाठमोरी. कॅमेरा तर कधी तळघरात आलाच नव्हता. तिनं आधी फोटोतला उजेड पाहिला. तो नेमका पडला होता. मग तिचा हात नकळत आपल्या अंबाड्याकडे गेला. तिचे केस अजून काळेभोर होते.

फोटोतल्या बाईचे पांढरेशुभ्र झाले होते.