पाचवी पायरी

दिवा जरा मोठा कर, अर्जुना. उद्याच्या कामाचं ठरवून टाकू. कौलं उतरायच्या आधी जिना झाकायचा, हे तुझं बरोबर. पोती घाल, पेंढा घाल, वर फळ्या टाक. पण शेणमातीचा वला लेप मी घालू द्यायचा न्हाई. हेकट म्हण, म्हातारचळ म्हण, काय म्हणायचं ते म्हण. तू सुतार हायस म्हणून कारण सांगतो. दुसऱ्या कुणाजवळ बोललो न्हाई.

बेचाळीस साली रहिमतपूरच्या अलीकडं लालासाहेबाच्या घरचा जिना मी केला. लालासाहेब पलटणीत, लढाईवर. घरात त्याची बायको शालूबाई एकटी. मालक आले की माडीवर बसतील, म्हणून तिनं हौसेनं सागवान आणवलं. नऊ पायऱ्या. त्यातल्या मधल्या, पाचव्या फळीत गाठ व्हती. बसवताना उभी चीर गेली. दुसरं लाकूड आणायचं तर चार दिवस मोडले असते, अन् मला कोरेगावचं काम गाठायचं व्हतं. चिरंत भुसा अन् लाख भरली, वरनं तेल चोळलं. कुणाला काय दिसायचं?

तीन महिन्यांनी पोस्टमननं दारात हाळी दिली. नवऱ्याचं पत्र आलं म्हणून शालूबाई माडीवरनं पळत निघाली. पाचवी पायरी तिच्या पायाखाली कलली, अन् ती मानंवर पडली. जागच्या जागी गेली. लोक म्हणाले पाय घसरला. मीबी म्हणालो पाय घसरला. तेराव्याच्या गर्दीत जिन्याखाली शिरलो अन् खालनं खुंटी ठोकून फळी घट्ट केली. असा मी माणूस, गड्या.

सेहेचाळीसला लालासाहेब परत आला. वर्सभरात दुसरं लगीन ठरलं. घराची कौलं बदलायची, माडीला चुन्याचा गिलावा करायचा. तो शेतातल्या वस्तीवर ऱ्हायला गेला अन् किल्ली माझ्या हातात दिली.

"आकाराम, माणसं मागनं शिडीनं चढवा," म्हणाला. "हा जिना शालूचा हाय. ओरखडा उठता कामा न्हाई."

मी खाली बघून व्हय म्हणालो.

पायऱ्यांवर पेंढा भरलेली पोती बांधली. चुना झिरपला की सागवान काळं पडतं, म्हणून वरनं शेणमातीचा जाड लेप दिला. गडी गेले की रोज दिवस मावळायला मी वरनं खाली सारवत यायचो अन् कुलूप घालायचो. पाचवीवर मातुर कधी भार दिला न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप काढलं. वरच्या पायरीवर एक पाऊल. बाईमाणसाचं, अनवाणी. बोटाशेजारी जोडव्याची खूण. पावलाचं तोंड खालच्या पायरीकडं.

गडी यायच्या आत पुसलं. तिसऱ्या दिवशी दोन पायऱ्यांवर पावलं. मग तीन. मग चार. रोज एक पायरी खाली. घरात नव्या चुन्याचा वास, अन् त्यात कुठनं तरी खोबरेल तेलाचा. मी रोज पुसत ऱ्हायलो. बोललो असतो तर लालासाहेबानं इचारलं असतं, तिचं तुझ्याकडं काय काम?

पाचव्या पायरीवर दोन्ही पावलं उठली. शेजारी शेजारी. त्याच्या फुडं मग न्हाईच. तीन दिवस पाचवीपतोर यायची अन् तिथंच थांबायची. खालच्या चार पायऱ्या कोऱ्या.

लग्नाच्या सकाळी पोती सोडली. जिना आरशावाणी. ओरखडा न्हाई. पाचव्या पायरीवर मातुर माझी खुंटी पडली व्हती, खालनं ठोकलेली... वर. मी ती खिशात घातली. दारात वाजंत्री आली व्हती. आज रात निभावून न्यावी, उद्या गुपचूप नवी ठोकावी, असं मनात आणलं. तुला खोटं सांगत न्हाई.

वरात घरात आली. नवी नवरी विजयमाला, अठरा-एकोणीस वर्सांची पोर. रिवाजापरमाणं गळ्यात मेलेल्या सवतीच्या नावाची चांदीची पुतळी. माडीवरच्या देवापुढं दिवा ठेवायला ती एकटीच जिना चढाय लागली. एक. दोन. मी खांबाला टेकून मोजत व्हतो. तीन. चार.

चौथीवर ती थांबली. पदर सावरला. वर बघून हळू आवाजात म्हणाली,

"आवं, जरा वाट द्या की... मला वर जायाचंय."

जिन्यावर कुणी न्हाई.

तिनं वळून खाली बघितलं. "ह्या बाई कोण बसल्यात? सरकंनात..."

मग माझा धीर सुटला. "वैनीसाहेब, पाचवीवर पाय ठेवू नगा," म्हणत धावलो, तिला खाली घेतलं अन् फळीवर नुसता हात दाबला. फळी मधनं दुभंगून खाली गेली.

लालासाहेब जवळ आला. चिरंतली जुनी लाख त्यानं नखानं उकरली.

"शालूचा पाय घसरला नव्हता?"

"न्हाई, मालक."

मला वाटलं, हितंच माझा मुडदा पाडंल. पाडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "नवी फळी बसव. अन् परत तोंड दाखवू नगंस."

दुसऱ्या दिवशी फळी बसवली. तिसऱ्या दिवशी हत्यारं आणाय गेलो. खालचा सोपा सकाळीच सारवला व्हता. त्यावर जिन्यापासनं उंबऱ्यापतोर पावलं. जोडव्याची खूण. त्या घराला परत काही तरास झाला न्हाई. विजयमालाला दोन पोरं झाली, सुखात हाय.

पावलं बाहेर पडली ती कुठं गेली, ते मी कधी कुणाला इचारलं न्हाई. तवापासनं माझ्या दारात सारवण वलं ऱ्हायलं की मला झोप न्हाई. भर दुपारी सारवायचं, उन्हात वाळवायचं, असं सूनबाईला बजावून ठेवलंय. आज तिनं सांजच्याला सारवलं, पाव्हणं यायचं म्हणून. तू आलास तवा तुला मी कडंच्या दगडावरनं यायला लावलं, ते त्याच्यापायी.

आता दिवा उचल अन् उंबऱ्याजवळ खाली धर. माझ्या डोळ्याला नीट दिसत न्हाई... मधोमध बघ. हायत न्हवं?

आत आलेली दिसत्यात. भाईर गेलेली कुठं हायत का, तेवढं बघ रं...