पट्टी फिकटच राहिली

ऑपरेशन संपलं, टाके पडले, आणि हत्यारांचा ट्रे आवरताना थिएटरमधल्या सिस्टरच्या तोंडचं पाणी पळालं.

ट्रेच्या तळाशी कागदाची एक बोटभर पट्टी असते. वाफेच्या यंत्रातून निघाली की ती काळी पडते. ही फिकटच होती. ज्या हत्यारांनी एका शिक्षिकेचं मोडलेलं मनगट जोडलं होतं, त्यांना वाफ लागलीच नव्हती.

"सुरू करण्याआधी नाही पाहिलीस?"

"डॉक्टर ओरडत होते हो! गाठोड्यावरच्या टेपचे पट्टे वाफेनं काळे झालेले दिसले, म्हटलं झालंय सगळं नीट."

विचारणारी होती रुग्णालयात जंतुसंसर्गावर नजर ठेवणारी सिस्टर. सगळे तिला पाठीमागे भिंगबाई म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडायचंही. तिनं ट्रेचं सोडलेलं फडकं, टेप आणि लेबल पिशवीत घातलं आणि तळघरातला निर्जंतुकीकरण विभाग गाठला.

तिथे खापर फुटून मोकळं झालं होतं. लेबलवर कालची तारीख आणि पॅकिंग करणाऱ्या मुलीची सही होती. ही मुलगी विभागप्रमुखांची सख्खी भाची. आई गेल्यावर त्यांच्याच घरी वाढलेली. तिच्यामुळे सगळा विभागच त्यांना मामा म्हणायचा. आता तिच्यापुढे कबुलीजबाबाचा कागद होता. सही झाली की नोकरी गेली, आणि दुसऱ्या कुठल्या रुग्णालयाचं दार उघडणं कठीण.

"काल तिनं ट्रे खच्चून भरला," मामा म्हणाले. "आतपर्यंत वाफ गेली नाही. माझीच भाची आहे, म्हणून काय पाठीशी घालू?"

"तुला काय म्हणायचंय?" भिंगबाईनं मुलीला विचारलं.

"लिहिलंय ते बरोबर आहे."

"आज कुठे होतीस?"

"धुण्याच्या बाजूला. सकाळपासून."

"हा संच आज तुझ्याकडे धुवायला आला होता का?"

मुलगी कागदाकडे बघत राहिली. "आठवत नाही."

भिंगबाईला हे खटकलं. याच मुलीला गेल्या महिन्यातल्या हरवलेल्या कात्रीचा क्रमांक पाठ होता.

विभागाचे दोन भाग होते. मधे भिंत, भिंतीत एक सरकती खिडकी. धुण्याच्या बाजूला काम करणाऱ्यानं पाळी संपेपर्यंत पॅकिंगच्या बाजूला पाऊल टाकायचं नाही, हा तिथला कडक नियम. फळ्यावर आजच्या दिवसाला दोनच नोंदी होत्या. धुणं, भाची. पॅकिंग आणि यंत्र, मामा.

भिंगबाईनं टेप उजेडात धरली. चिकट बाजूला फडक्याचे बारीक तंतू दाट चिकटले होते. एका तुकड्यावर तर तंतूंचे दोन थर, एकमेकांना तिरके.

ती थिएटरमध्ये फोन करून म्हणाली, "एकच सांग. गाठोड्याचा शेवटचा कोपरा कसा होता?"

"नेहमीसारखा, टोक दुमडून बाहेर काढलेला. तेच धरून तर सोडतो आम्ही."

मग ती अपघात विभागातल्या छोट्या थिएटरमध्ये गेली. त्यांची नोंदवही वेगळी असते. सकाळी नऊ वाजता, एक तरुण, बोटं चिरडलेली. त्याच्या फाइलमध्ये हत्यारांच्या लेबलची जागा रिकामी होती. खाली तीन वाजता आलेला रक्ताचा रिपोर्ट लावला होता. तो वाचला आणि ती जिना धावत उतरली.

मुलीनं पेन उचललं होतं.

"थांब. मामा, हाताच्या बारीक हाडांसाठीच्या हत्यारांचे संच किती आहेत आपल्याकडे?"

"एकच."

"मग तो काल यंत्रातून बरोबर निघाला होता. आज नऊला अपघात विभागात उघडला, वापरला. घाईत लेबल फाइलला लावायचं राहिलं, ते फडक्यावरच खाली आलं. हिनं संच धुऊन खिडकीतून दिला. तेवढ्यात वरून डॉक्टरांचा फोन. यंत्रात दुसरा माल, थांबायचं म्हणजे दीड तास. कोणीतरी हत्यारं त्याच जुन्या फडक्यात बांधली. नवी टेप लावून चालणार नव्हतं, तिचे पट्टे फिकट दिसले असते. म्हणून जुनीच परत चिकटवली. तंतूंचे दोन थर त्यामुळे आले. आत नवी पट्टी मात्र सवयीनं पडली."

"थिएटरवाल्यांनीच बांधलं असेल," मामा म्हणाले.

"ते गाठोडी सोडतात, बांधत नाहीत. कोपरा तुमच्या विभागाच्या घडीचा होता, आणि आज पॅकिंगच्या बाजूला तुम्ही एकटे होतात."

मामांनी फळ्याकडे पाहिलं.

"मला तुमची कबुली नंतर मिळाली तरी चालेल. पण त्या तरुणाच्या रक्तात कावीळ ब निघालीये, आणि त्याच्यावर वापरलेली हत्यारं त्या शिक्षिकेच्या मनगटात गेलीत. इंजेक्शन आज, आत्ता द्यायला हवं. वरचे डॉक्टर विचारणार, नक्की कुठली हत्यारं? वाफ लागली की नाही? काय सांगू?"

मामांचा चेहरा पांढराफटक पडला. वीस वर्षं त्यांनी एक चिमटासुद्धा कच्चा जाऊ दिला नव्हता. त्यांची कीवही येत होती आणि चीडही.

"नाही लागली," ते म्हणाले. "मीच बांधला. कढत पाण्यात धुतलाय, एवढ्यानं काय होतंय, असं वाटलं. एकदाच..."

भिंगबाईनं वॉर्डात फोन लावला. डॉक्टरांशी बोलली, इंजेक्शनची सोय करायला सांगितली.

मामा भाचीकडे वळले. "मी खिडकीतून जुनं फडकं परत मागितलं, तेव्हाच तुला कळलं होतं. मग सही का करत होतीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते. दुपारभर." तिचा आवाज फाटला. "तुम्ही पेन दिलंत."

मामा उठले. "त्या बाईंना मीच सांगतो," असं भिंगबाईला म्हणाले आणि दाराकडे निघाले.

भाचीनं डोळे पुसले. तिनं सवयीनं दाराजवळच्या, बाहेरच्या चपलांच्या रॅककडे पाहिलं.

"मामा," ती म्हणाली, "चप्पल बदला. वॉर्डात जाताय."