काटा हिरव्यातच होता

"चोर सापडलाय," डॉक्टर म्हणाल्या. "पुरावा तेवढा हवाय."

वकीलवहिनींनी चष्मा वर सरकवला. वकिली सोडून खासगी तपास करू लागल्यापासून त्यांच्याकडे नाना प्रकारची माणसं आली होती, पण चोर आधी आणि पुरावा मागून, अशी मागणी पहिलीच. शेजारी त्यांचे दीर, निवृत्त भूगोलशिक्षक, पाठीला पट्टा बांधून ताठ बसले होते. सगळे त्यांना भाऊजीच म्हणत.

डॉक्टरांचं स्वतःचं छोटं रुग्णालय होतं. काल संध्याकाळी तिथल्या स्वयंपाकघरात तेलाच्या कढईनं पेट घेतला. सिस्टर आग विझवायचा लाल सिलिंडर घेऊन धावल्या, पण घाबरल्या आणि पिन न काढताच दाबत राहिल्या. स्वयंपाकीणबाईंचे दोन्ही हात भाजले. आणि आज सकाळी पाहतात तर तो सिलिंडरच गायब.

"धुलाईखात्यात गुंडी म्हणून एक आहे. घरफोडीची शिक्षा भोगून आलेला. मामानं दया येऊन कामावर ठेवला. आता त्याला चादरींच्या खोलीत कोंडलाय. पोलीस येतीलच."

"मामा कोण?"

"माझा सख्खा मामा. आई गेल्यावर त्यानंच वाढवलं मला. रुग्णालयाचा सगळा कारभार तोच बघतो."

"बरं. आग शेवटी विझवली कुणी?"

"गुंडीनंच. ओली ब्लँकेटं टाकून."

भाऊजी निघताना कुजबुजले, "वहिनी, यात तपास कसला? कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच."

सिस्टर कपडे बदलायच्या खोलीत कोपऱ्यात बसल्या होत्या. अंगानं चिमणीएवढ्या, आणि उजव्या मनगटाला पट्टी.

"हे कालचं?"

"नाही, आधीच मुरगळलंय. सिलिंडर डाव्या हातानं उचलला आणि धावले. दाबलं. फुस्स झालं आणि बंद. बाई ओरडत होत्या, आणि मी तशीच उभी." त्यांनी पदर तोंडाला लावला. "या दोन बोटांनी कडी ओढल्यासारखं आठवतंय. पण मामा म्हणतात, पिन काढलीच नव्हती. त्यांचं बरोबर असेल. चूक माझीच आहे. मला बाईंसमोर जायचं धाडस होत नाही."

अग्निशमन अधिकारी अजून यायचे होते, म्हणून स्वयंपाकघर कुणी झाडलंसुद्धा नव्हतं. भिंती, ओटा, फरशी, सगळीकडे काजळी. भाऊजींनी टेकायला हात लावला आणि पंजा काळाठिक्कर झाला. तो झटकताना शेगडीच्या पायामागे त्यांना काहीतरी चमकताना दिसलं.

"किल्लीची कडी दिसते. बारीकशी सळई आहे हिला."

वहिनींनी ती रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली.

बाहेर बोळात तसाच दुसरा सिलिंडर टांगलेला होता. भरल्याच्या तारखेची नवी कोरी चिठ्ठी, दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात.

"भाऊजी, जरा खाली काढता?"

भाऊजींनी आधी पाठ सांभाळली, मग एका दमात सिलिंडर काढला आणि वर झुलवूनही दाखवला. "अजून रग आहे, वहिनी. उगाच म्हातारा म्हणता."

"मी कधी म्हटलं?" वहिनी म्हणाल्या. पण त्या हसल्या नाहीत.

चादरींच्या खोलीचं कुलूप उघडलं तेव्हा गुंडी उशांच्या अभ्र्यांना गुंड्या लावत बसला होता. त्याला हे नाव त्यावरूनच पडलेलं. भाऊजींचा हात आपसूक खिशातल्या पाकिटावर गेला. गुंडीनं ते पाहिलं आणि नजर सुईवर आणली.

"सिलिंडर तू नेलास?"

"जळका डबा नेऊन काय करू, बाई? भंगारातही कुणी विचारणार नाही. न्यायचाच असता तर मागच्या दाराजवळचा चकचकीत नेला असता." त्यानं दोरा तोडला. "आणि चोरी मी सोडली. मी ज्या घरात शिरलो होतो, तिथली आजी कोर्टात माझ्यासमोर उभी राहिली. शिव्या देईल वाटलं होतं. ती नुसती म्हणाली, आता मला झोप लागत नाही. ते तोंड अजून दिसतं मला."

मामा कार्यालयात होते. पांढरे केस, इस्त्रीचा सदरा. वहिनींना पाहताच उठून त्यांनी खुर्ची पुढे केली.

"काल मी दुपारीच घरी गेलो होतो. सकाळी आलो, तर ती जागा रिकामी."

"सिलिंडर भरून घ्यायचं काम कुणाकडे?"

"माझ्याकडेच. दर वर्षी भरून घेतो. बाकीच्यांचा काटा बघा ना, हिरव्यात आहे."

"आणि सिस्टर?"

"पोर घाबरली हो. पिन तशीच होती. पण तिला फार बोलू नका."

वहिनींनी सगळ्यांना डॉक्टरांच्या खोलीत बोलावलं. गुंडीलाही. तो दाराशी उभा राहिला. भाऊजींनी बोळातला सिलिंडर आणून टेबलाशेजारी ठेवला.

"भाऊजी, तुमची पाठ कशी आहे?"

"ठणठणीत."

"तीच तर गोम आहे. भरलेला सिलिंडर तुमच्यानं झुलवला गेला नसता. आणि या सिस्टरांच्यानं एका हातात घेऊन धावणं झालं नसतं."

वहिनींनी रुमाल उलगडला. "ही त्या सिलिंडरची पिन. शेगडीमागे पडली होती. सिस्टर, ती तुम्ही काढली होतीत. पिन आत असती तर दांडा दबलाच नसता आणि तुम्ही सांगता तसं फुस्सही झालं नसतं."

सिस्टरांनी ती कडी हातात घेतली. "म्हणजे मी काढली होती?"

"काढली होती. तुम्ही सगळं नीट केलंत. पण सिलिंडर चालला असता तर स्वयंपाकघरभर पांढरी पावडर पसरली असती. तिथं काजळीशिवाय काही नाही. डॉक्टर, याचा दांडा तुम्हीच दाबा."

डॉक्टरांनी पिन काढून दांडा दाबला. फुस्स असा आवाज आला, टेबलावरचे कागद उडाले, आणि बस.

"आत नुसती हवा," वहिनी म्हणाल्या. "हवेच्या दाबानंही काटा हिरव्यात राहतो. वरून रंग, वर नवी चिठ्ठी. बाकीचे सिलिंडर पाहून कुणाला संशय येणार नव्हता. पण आगीत वापरलेला सिलिंडर अधिकारी उघडणारच होता. म्हणून तेवढाच गेला."

"कुणी नेला?" डॉक्टरांनी विचारलं, पण त्यांची नजर कुणाकडेच वळली नाही.

"पिन तशीच होती, हे तुम्हाला आणि सिस्टरांना एकाच माणसानं सांगितलं. तो माणूस म्हणतो, मी दुपारीच गेलो आणि सकाळी जागा रिकामी होती. मग पिन त्यांनी पाहिली कधी? आगीची बातमी कळताच ते काल रात्रीच आले. तेव्हा सगळे वरच्या मजल्यावर बाईंजवळ होते आणि सिलिंडर खाली तसाच पडला होता. मामा, गाडीची किल्ली द्या. डिकीत असेल ना?"

मामांनी किल्ली टेबलावर ठेवली.

"पहिल्या वर्षी अडचण होती," ते म्हणाले. "भरण्याचे पैसे उचलले, वाटलं पुढच्या वर्षी भरून घेऊ. काहीच झालं नाही. मग ते तसंच चालू राहिलं." मग त्यांनी मान वर केली. "पण मी कुणाच्या घरात शिरलो नाही. कुणावर हात उगारला नाही. मला आणि याला एका माळेत ओवू नका."

"नाही ओवत," वहिनी म्हणाल्या. "याला त्या आजीचं तोंड दिसतं. तुम्ही वर जाऊन बाईंचे हात पाहिलेत?"

मामा भाचीकडे वळले. "बाळ, घरातलं घरात ठेवू. बाईंचा खर्च आपण करू. रुग्णालयाचं नाव जाईल."

डॉक्टरांनी तोंड झाकून घेतलं. सकाळी गुंडीसाठी पोलिसांना फोन लावताना त्यांना क्षणभरही विचार करावा लागला नव्हता.

तेवढ्यात फौजदार शिपायासह आत आले. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि सरळ गुंडीचा दंड धरला. "चल रे." मग मामांना म्हणाले, "तुम्ही बसा, साहेब."

गुंडीनं दंड सोडवायचा प्रयत्नही केला नाही. भाऊजी खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांच्यानं ते बघवेना.

"तो नाही," डॉक्टर म्हणाल्या. फौजदारांना ऐकू गेलं नाही, म्हणून त्या पुन्हा म्हणाल्या. "तो नाही. हा. माझा मामा."

फौजदारांनी त्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. "बाई, काहीतरी गैरसमज होतोय."

"नाही. मी सांगते सगळं. लिहून घ्या."

मामा उठले. शिपायानं धावत जाऊन दार उघडून धरलं. "सावकाश, साहेब," तो म्हणाला.

गुंडीचा दंड अजून फौजदारांच्या मुठीतच होता. डॉक्टर उठल्या, जवळ गेल्या आणि ती मूठ त्यांनी आपल्या हातानं सोडवली.